रिकाम्या सीटचा बेल्ट

गाडी अजून गेटातून बाहेर पडायची होती आणि टिंग-टिंग सुरू झालं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कोणीतरी बसलं आहे आणि त्यानं बेल्ट लावलेला नाही.

मला मुद्दाम मागच्या सीटवर बसवलं होतं. पुढची सीट रिकामी होती.

"हेच," स्टिअरिंगवरच्या शुभांगीताई म्हणाल्या. "आता शाळेच्या फाट्यापर्यंत असंच चालते."

माझं काम गाड्या लीजवर देणाऱ्या कंपनीत आहे. लीज म्हणजे साध्या भाषेत लांब मुदतीचं भाडं. गाडी कंपनीच्या नावावर राहते, तुम्ही दर महिन्याला हप्ता भरता आणि वापरता. सर्व्हिसिंग, इन्शुरन्स आमच्याकडे. मुदत संपली की तुमच्यापुढं तीन रस्ते असतात. गाडी परत करा, नवी गाडी लीजवर घ्या, नाहीतर तीच जुनी गाडी उरलेल्या किमतीला विकत घ्या. त्या वेळी गाडी तपासून रिपोर्ट द्यायचा, आणि ग्राहकाला काय परवडेल ते सांगायचं, हे माझं काम.

शुभांगीताईंची घाटंजीला पॅथॉलॉजी लॅब. त्यांच्या गाडीची मुदत संपत आली होती. रोज सकाळी रक्ताचे सँपल घेऊन त्या यवतमाळला जातात. त्यांचे मिस्टर, गावंडे सर, त्याच रस्त्यावरच्या एका शाळेत मास्तर होते. सकाळी बायकोच्या गाडीत बसायचे, शाळेच्या फाट्यावर उतरायचे आणि संध्याकाळी एसटीनं घरी यायचे. गेल्या हिवाळ्यात वर्गात शिकवता शिकवताच त्यांना अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"बेल्ट कधीच लावत नव्हते," ताई सांगत होत्या. "मी रोज ओरडो. म्हणत, इथंच तं उतरायचं हाय, कायले बांधून घेऊ? मग फाट्यापर्यंत हे टिंग-टिंग."

मी पुढं वाकून सीटवर हात फिरवला. पर्स नाही, पाण्याची बाटली नाही. सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, तो बिघडला की असं होतं. मी तसं बोललोही.

"दोनदा बदलला भाऊ. तुमच्याच वर्कशॉपनं."

बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. ऊन चांगलं वर आलं होतं. बायका वेचणीला निघाल्या होत्या. इतक्या उजेडात घाबरावं असं काही नव्हतं, तरी मी माझा हात त्या सीटवरून काढून घेतला.

शाळेचा फाटा आला. ताईंनी सवयीनं गाडी बाजूला घेतली आणि ब्रेक दाबला. दार कोणी उघडलं नाही. आवाज थांबला. दिवा विझला.

"झालं," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.

यवतमाळला पोचल्यावर मी गाडी वर्कशॉपमध्ये लावली. आमचा मेकॅनिक रफिकभाई. त्यानं सीट खोलली, वायरिंग पाहिलं, कॉम्प्युटर जोडला.

"सेन्सर बराबर हाय साहेब. वजन असल्याशिवाय तो बोलणार नाही."

"मग बोलतो काहून?"

रफिकभाईनं हात पुसले. "मले कायले विचारता? तिथं जो बसते त्याले विचारा," म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. ती सीट परत बसवायला मात्र त्यानं दुसऱ्याला लावलं.

नागपूरहून आमच्या साहेबांचा फोन आला. "क्लायंट काय म्हणते?"

"विकत घ्यायची म्हणते सर."

"जुनी कशाला घेते? तिचं रनिंग बघ. मेंटेनन्स खाऊन टाकेल तिला. नवी लीज दे."

हिशेबानं साहेब बरोबर होते. रोज इतकं अंतर तोडणाऱ्या माणसाला नवी गाडी लीजवरच परवडते. विकत घेतली की प्रत्येक बिघाड तुमचा. मी घाटंजीला जाऊन, लॅबमध्ये बसून ताईंना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, विकत घेतली तं गाडीतलं सगळंच माहं होईल ना?"

मी हिशेबाचा कागद बाजूला ठेवला.

"रविवारी लॅब बंद राहते," त्या खाली बघत म्हणाल्या. "तरी मी गाडी काढते. फाट्यापर्यंत जाते. ते थांबलं की परत येते. येताना काहीच नाही. गाडी एकदम मुकी. तो रस्ता खायला उठते."

मी म्हटलं, "घाई करू नका. विचार करून सांगा."

बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन आला. "घेऊन जा गाडी. नवी पाठवा."

"नक्की ना ताई?"

"माह्याजवळ राहिली तं मी हेच करत राहीन."

मी नवी गाडी घेऊन गेलो. त्यांनी जुनीची किल्ली दिली. गाडीकडे न बघता आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

गेटातून निघालो. टिंग-टिंग. मला अपेक्षा होतीच. रेडिओ लावला, त्यातूनही ऐकू येत होतं. फक्त फाट्यापर्यंत, असं स्वतःला बजावत राहिलो. फाटा आला. ताई थांबायच्या तिथंच मी थांबलो, खिडकीची काच खाली केली, वाट पाहिली. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता.

टिंग-टिंग थांबलं नाही.

मी गाडी पुढं काढली. फाटा मागं पडला. लाल दिवा तसाच. यवतमाळ जवळ येत होतं आणि माझी डावी बाजू गार पडली होती, एसी बंद असताना. शेवटी मी रस्त्याच्या कडेला थांबलो. तिकडं न बघता हात लांब केला, रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन लावला.

आवाज बंद झाला.

कंपनीच्या यार्डात पोचून मी तो बेल्ट सोडला. दिवा लागला नाही. पुढं ती गाडी पुसदच्या एका व्यापाऱ्याला दिली. त्याला सगळं सांगून दिली. तो हसला. त्याची तक्रार कधी आली नाही.

गाडी आणली त्याच संध्याकाळी ताईंनी फोन केला होता. "वाजलं का?"

"वाजलं."

"फाट्यावर थांबलं असंल."

"नाही ताई. पुढं आलं. मग मी बेल्ट लावून दिला."

 ताई म्हणाल्या, "तुमचं ऐकलं वाटते. माह्या हातानं कधी लावू दिला नाही." आणि फोन ठेवला.

आता लोक विचारतात, लीज बरी की विकत? मी रनिंग विचारतो, गावातला रस्ता विचारतो, वापरणारे किती ते विचारतो. मग शेवटी विचारतो, रोज शेजारच्या सीटवर कोण बसतं? घरचं माणूस असेल, तर त्याला पहिल्या दिवसापासून बेल्ट लावायची सवय लावा म्हणतो. लीज असो की विकत, हे दोन्हीला लागू आहे.