नाव नोंदवलं की सापडतंच

आखाडा बाळापूरच्या चहाच्या हॉटेलात एक तरुण रोज लॅपटॉप उघडून, कानात इअरफोन खुपसून पुण्याच्या कंपनीशी ओरडून बोलायचा. कंपनीचे शेकडो कंटेनर, म्हणजे प्रोग्रामांचे डबे, एकमेकांना सापडावेत अशी सोय तो लावत होता म्हणे. एवढं मोठं काम एका चहावर चालायचं. एकदा मी विचारलं, तर चष्मा वर सारत दयाळूपणे म्हणाला, "काका, पत्ता कितीबी बदलू द्या. नाव नोंदवलं की बराबर सापडतंच."

परवा तो असाच ओरडत असताना कुरिअरवाला आला आणि पार्सलवरचं नाव वाचून म्हणाला, "हे कोण हाय इथं? फोनबी बिझी येऊन राहिला." मालकानं माझ्याकडं पाहिलं. मीही नकारार्थी मान हलवली. पार्सल परत गेलं.

तासाभरानं इअरफोन काढून त्यानं विचारलं, "माझं पार्सल आलं काय?"

मालक ग्लास विसळत म्हणाला, "आलं असंल. तुमचं नाव काय हाय?"