कानात कापूस घातलेली घोडी

लक्ष्मीपूजनाचा पहिला फटाका वाजला, की मी आजही हातातलं काम बाजूला ठेवतो आणि गप्प बसतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला आवाज सोसत नाही. सोसतो की! सगळी हयात पोलीस खात्यात काढली, आवाजाला काय घाबरायचंय? पण त्या आवाजासरशी मला सोलापुरातल्या आमच्या ठाण्याचं आवार दिसतं, कडुनिंबाला बांधलेली एक तांबडी घोडी दिसते आणि तिच्याकडे पाठ करून बसलेला एक म्हातारा दिसतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. माणसांची नावं घेणार नाही. घोडीचं घेतो, तिचं नाव चिमणी.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. अक्कल बेताची आणि रुबाब मोठा. माझी चौकशीची एक ठरलेली पद्धत होती. संशयिताला समोर बसवायचं, बराच वेळ काहीच विचारायचं नाही आणि तो जरा सैलावला की लाठी टेबलावर दाणकन आपटायची. निम्मे लोक त्या आवाजानंच बोलायला लागत. मुरलेल्या गुन्हेगाराला त्याचं काही वाटत नाही, दचकतो तो साधा माणूस, हे मला फार उशिरा कळलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी, वरातींना घोडे पुरवणारा एक इसम ठाण्यात आला. "साहेब, माजी घोडी चोरली कुणीतरी. वर्षामागं घेतली हुती, लई गुणाची हाय. तुळशीचं लगीन झालं की वराती सुरू, आन माज्याकडं घोडीच न्हाय!"

आमचे हवालदार जुने, मुरलेले. ते म्हणाले, "दिवाळीत जनावर बुजतंय, सुटतंय. चोरीचं नंतर बघू. येतंय आपल्या पायानं." म्हणून गुन्हा दाखल न करता मी नुसती हरवल्याची नोंद स्टेशन डायरीत घेतली. हवालदारांच्या त्या आळसाचे मी पुढे मनोमन आभार मानले.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. सकाळी ठाण्याच्या चहासाठी दूध घालणारा गवळी सायकल लावता लावता म्हणाला, "साहेब, अक्कलकोट रोडच्या बंद वीटभट्टीत घोडं हाय. आन त्याच्या कानात कापूस हाय की!"

"आन तुज्या डोळ्यात काय हाय?" हवालदार म्हणाले. सगळे हसले. तरी मी जीप काढली.

घोडी होती. खाली वाळल्या गवताचा जाड थर, समोर कडबा, बादलीत स्वच्छ पाणी. शहराकडच्या बाजूला ओली पोती टांगलेली. दोन्ही कानांत पिंजलेला कापूस आणि वरून मऊ धोतराच्या चिंध्या, अगदी सैल बांधलेल्या. मी बराच वेळ बघत राहिलो. चोर जनावराचा रंग बदलतो, शेपटी कापतो, रातोरात बाजार गाठतो. चोरलेल्या घोडीच्या कानात कापूस कोण घालतं?

पंचनामा केला, घोडी ठाण्यात आणली आणि मुद्देमाल म्हणून आवारातल्या कडुनिंबाला बांधली. मालकाला बोलावून ओळख पटवली. कापूस बघताच त्यानं तो उपसून टाकला आणि म्हणाला, "ही आदल्या मालकाची थेरं! स्टेशनवर टांगा हाकायचा बघा तो चाचा. लेकरागत सांभाळायचा हिला."

चाचाचं नाव निघालं आणि मी हातातला कागद खाली ठेवला. कारण त्याला मी ओळखत होतो. वर्षापूर्वी टांग्यांची तपासणी करताना मी दहा पावलांवर उभा राहून त्याला दोन बोटं दाखवली. तो तीन म्हणाला. मोतीबिंदू पार पिकला होता. टांगा हाकण्याचा त्याचा पितळी बिल्ला मी तिथल्या तिथं जमा करून घेतला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मला दिसत न्हाय साब, पन चिमणीला दिसतंय की." मी मोठ्यानं हसलो होतो. नियमानं मी बरोबरच होतो, आंधळ्या माणसाला रस्त्यावर टांगा कसा हाकू द्यायचा? पण हसायला नको होतं. महिन्याभरात त्यानं घोडी विकल्याचं कानावर आलं, आणि मी ते विसरूनही गेलो.

दुपारी चारला चाचाला आणलं. माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. मी नेहमीसारखा गप्प. विचारलं, घोडी कुणी नेली? त्यानं मान खिडकीकडे वळवली. मग मी लाठी उचलली आणि टेबलावर आपटली.

खिडकीबाहेर घोडी किंचाळली. फरशीवर टापा आपटल्या, दोर कचकन ताणला. मी पुन्हा लाठी उचलली. तेवढ्यात म्हातारा चाचपडत उठला आणि लाठी जिथं पडणार होती तिथंच त्यानं आपले दोन्ही तळवे पसरले.

"मला मारा साब. टेबलाला मारू नका. ती भ्याती."

माझा हात वरच्या वर राहिला. लाठी कोपऱ्यात ठेवली आणि मग त्याच्याकडे नीट बघितलं. तोच म्हणाला, "मीच नेली."

"का?"

"नवा मालक हिला चार दिस बाजारात बांधणार हुता, फटाक्यात. वरातवाल्यांत तसंच करत्यात. वरातीत बुजू नये म्हणून. म्हणत्यात, घोडी धीट हुती. धीट न्हाय हुत साब. आतनं मरती, मग हलत न्हाय. त्याला ह्ये लोक धीट म्हनत्यात." त्यानं टेबलावरचे तळवे मागे घेतले. "आवाज शिकवावा लागतो. लांब कुनीतरी डबा हळू वाजवायचा, हितं आपन हरभरा चारायचा. रोज एक पाऊल जवळ. चार म्हयने लागत्यात. चार दिसांत कुटं हुतंय? भाऊबीज झाली की परत आनून बांधनार हुतो, अल्लाची आन."

"दिसत नाही तर भट्टीपर्यंत गेलास कसा?"

"मानेवर हात ठेवला. तिनंच नेलं की."

जबाब लिहून घेतला, त्याला लॉकअपमध्ये बसवलं आणि मालकाकडे निरोप धाडला. आणि एवढा शहाणा फौजदार एक साधी गोष्ट विसरला. ठाण्याच्या भिंतीला लागून पोलिसांच्या घरांची लाइन होती आणि दिवेलागण झाली होती.

पहिली लड भिंतीपलीकडेच लागली. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दोर धरायला गेलेले हवालदार फरफटत गेले, कोपर सोलून निघालं. दोराचा वेढा तिच्या पुढच्या पायाला बसला आणि ती जीव खाऊन ओढू लागली. घोड्याचा पाय मोडला की पुढे गोळीच, हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लाइनीत फटाके थांबवायला मी माणूस पळवला, पण सगळ्या सोलापूरला कोण थांबवणार?

आतून हाक आली, "सोडा मला साब! पाय मोडंल तिचा!"

मी स्वतः कुलूप काढलं. अशा गोष्टीची डायरीत नोंद करायची असते. मी केली नाही, आज इथं करतोय.

मला वाटलं, तो धावत जाईल आणि तिला मिठी मारेल. तसं काही नाही. तो सावकाश आवाजाच्या रोखानं गेला. "धरू नका. दोर सैल सोडा. समदे लांब व्हा. कंदील आना, अंधारात चमकलं की जास्त भ्याती." मग तिच्याकडे पाठ करून तो झाडाखालच्या दगडावर बसला आणि रोजचं बोलावं तसं बोलू लागला.

"चल चिमणी, स्टेशन आलं. दोन सवाऱ्या हायेत. ह्यो पार्क चौक. ही नवी पेठ, गर्दी हाय, हळू. ह्यो तलाव आला बग, वारं लागलं न्हवं? आता घर."

संपलं की पुन्हा स्टेशन. तिसऱ्या फेरीला दोर सैल पडला. चौथ्या फेरीला घोडी पाय सोडवून त्याच्यामागे आली आणि तिनं हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली. तेव्हा कुठे त्यानं हात वर नेला, खिशातला कापूस काढला आणि तिचे कान भरले. "घाबरलेल्याला थोपटू नये साब," तो मला म्हणाला. "त्याला वाटतं, आपन बी घाबरलोय. नुस्तं जवळ बसावं."

मालक कधीचा फाटकात उभा होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, चोरी न्हाय म्हणून लिवा. मीच नेऊ दिली हुती." खोटं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढची दोन वर्षं धनत्रयोदशीला चाचा ठाण्यात यायचा, हात चिमणीच्या मानेवर. "नेतो साब. चोरी लिवू नका." हवालदार डायरी न उघडताच ओरडायचे, "लिवलं! घोडी रजेवर!" मालकाचा स्वभावही बदलला होता. हरभरा आणि डबा घेऊन बसायला लागला होता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. त्या दिवसानंतर मी टेबलावर लाठी आपटली नाही. माणूस जवळ बसल्यानं बोलतो. वेळ लागतो, पण खरं बोलतो. पुढच्या नोकरीत माझे जे काही तपास लागले, त्यांतले बरेचसे मी त्या दगडापाशी शिकलो.

तिसऱ्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मालक एकटाच घोडी घेऊन आला. "चाचा श्रावणात गेला साहेब. ही माज्याजवळ थांबंना. म्हटलं, हे आवार तिच्या वळखीचं हाय."

मी कंदील लावायला सांगितला, तिच्या कानात कापूस घातला आणि तिच्याकडे पाठ करून दगडावर बसलो. फटाके सुरू झाले. मला तो म्हातारा हवा होता, फार हवा होता. मी बोलू लागलो. स्टेशन, पार्क चौक, नवी पेठ, तलाव. मागे तिचा श्वास हळूहळू संथ झाला. मला बरं वाटलं आणि मी पुढे म्हणालो, "आता घर."

घोडीनं मान उचलली. फाटकाकडे वळली आणि ताठ उभी राहून बघत राहिली. फटाके वाजत होते, तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती कुणाची तरी वाट बघत होती. तेवढे दोन शब्द मी म्हणायला नको होते.

आता टांगे गेले, ते आवारही तसं राहिलं नाही. पण फटाके वाजले की मी डोळे मिटून स्टेशनवरून निघतो. तलावापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.