कोणत्या ढिगातला डबा

अकोल्याचं भाड्याचं घर रिकामं करायला मी चार दिवसांची सुट्टी काढली होती. बाबा गेल्यावर आई तिथे दोन वर्षं एकटी राहिली; आता ती माझ्याकडे अमरावतीला येणार होती. माझा फ्लॅट लहान, म्हणून एकेक खोली घ्यायची आणि प्रत्येक वस्तू तीनपैकी एका ढिगात टाकायची असं मी ठरवलं: ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. ही पद्धत मोबाइलवर बघून शिकले होते. त्या व्हिडिओतल्या बाईच्या घरात मुळात सामानच फारसं नव्हतं.

पुढची खोली एका दिवसात झाली. झोपायच्या खोलीत कूलरच्या वाळ्याच्या जुन्या जाळ्या निघाल्या. मी त्या फेकायच्या ढिगात टाकायचे, आई उचलून ठेवायच्या ढिगात न्यायची.

"अमरावतीले काय ऊन नसते?"

माझ्याकडे एसी आहे. तरी जाळ्या ठेवायच्या ढिगातच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. सिलिंडर सकाळीच गेला होता, किराणा पोत्यांत बांधून झाला होता. वरच्या फळीवर मागे एक स्टीलचा डबा सापडला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी उर्दूत नाव कोरलेलं. मला ते वाचता येत नाही, पण डबा शेजारच्या खालांचा हे कळलं. मला बरंच वाटलं. एवढी एक वस्तू अशी, जिच्याबद्दल शंका नव्हती. दुसऱ्याची वस्तू परत करायची, हे शाळेत पहिलीपासून शिकवलेलं. आई आंघोळीला गेली होती. मी डबा घासला, पुसला आणि देऊन आले.

खालांनी झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा," म्हणाल्या. एरवी त्या मला बसवून घेतात, बारीक झाली म्हणून रागावतात. त्या दिवशी दार हळूच लावून घेतलं.

आईला सांगितलं तेव्हा केस पुसता पुसता तिचा हात थांबला.

"रिकामा दिला?"

"घासून दिला."

"मी काय इचारून राहिली? रिकामा दिला?"

"हो."

"काही नाही त चिमूटभर साखर टाकाची. येवढी शिकली, अन् हे नाही माहीत?"

ईदला तिकडून शीरखुर्मा येतो, उन्हाळ्यात इकडून कुरडया जातात, हे मी लहानपणापासून पाहत होते. पण डबा रिकामा पाठवायचा नसतो, हा नियम म्हणून मला कुणी सांगितला नव्हता. आणि तो डबा आमच्याकडे विसरून राहिलेलाही नव्हता. तो कधी इथे, कधी तिथे, असाच फिरत असायचा. आता खालांना वाटणार, हे लोक सगळं संपवून चालले.

"मग आता साखर देऊन येऊ?"

"आता काय उपयोग?" आई म्हणाली, तरी पोत्याची गाठ सोडायला लागली. डाळी निघाल्या, पापड निघाले, साखर सापडेना. मग ती तिथेच पोत्याजवळ बसून राहिली.

मला कुणाचं दार वाजवून काही मागता येत नाही, तरी डबाच परत आणावा म्हणून मी गेले. खालांच्या दाराशी बराच वेळ नुसती उभी राहिले. मग कडी वाजवली.

"खाला, तो डबा परत पाहिजे होता."

"अभी त दिला तू."

"हो. आईला पाहिजे."

"कायले?"

"ठेवायला," मी म्हणाले.

त्या हसल्या. "मले वाटलं, तुई माय न भेटताच चालली. पोरीच्या हाती सामान वापस करून राहिली." आतून डबा आणला, त्यात काही टाकायला वळल्या आणि थांबल्या. "नको. रिकामाच ने. सांग तिले, भरून आणा लागन. अन् तुया हाती नाही, सोता."

मी रिकामा डबा घेऊन परतले. मघाशी रिकामा चालला नाही. आता चालत होता. निरोप ऐकून आईने तो पदराने पुसला, सामानात ठेवला आणि लगेच शेजारी गेली. दोघी तासभर बोलत बसल्या.

अमरावतीला येऊन चार महिने झाले. डबा ओट्यावर आहे. अकोला काही लांब नाही, पण आई तो भरत नाही आणि दुसऱ्या कशाला वापरूही देत नाही. कधी जायचं विचारलं, तर "जाऊ नं" म्हणते. दर आठवड्याला खालांचा फोन येतो. मोबाइल स्पीकरवर असतो, म्हणून मला ऐकू येतं.

"डबा काय करून राहिला वो?"

"बसून हाय," आई सांगते, आणि दोघी हसतात.

तो भरला की आईला बरं वाटेल, की रिकामा आहे म्हणूनच तिला बरं वाटतंय, मला अजून कळलेलं नाही. रोज ओटा पुसताना मी तो उचलते आणि होता तिथेच ठेवते.