कलेक्टरच्या दारचा चपराशी

बर्डीच्या गल्लीत ताराचंदचं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. त्याचं म्हणायचं आपलं. किल्ली मुलाकडे, सुशीलकडे. बापाच्या वाट्याला एक स्टूल, एक टेबल आणि तारा जोडायचं गरम सोल्डर आयर्न. सत्तरीच्या माणसाला तेवढं पुरत होतं. घरी बायकोच्या, पंचफुलाच्या मागं मागं फिरण्यापेक्षा ते बरंच. पण सुशीलला त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचा स्टँड लावायचा होता, आणि बापाला ऊठ म्हणायला काही निमित्त सापडत नव्हतं.

ताराचंद शिकला सातवीपर्यंत, पण ट्रांजिस्टर समजवावा तर त्यानंच. "तीन पाय असते याले," तो सांगायचा. "एकीकडं कलेक्टर, एकीकडं एमिटर, म्हणजे आपली पब्लिक. मधात बेस, तो दारातला चपराशी." त्या कलेक्टरचा आणि जिल्ह्याच्या कलेक्टरचा काही संबंध नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यानं मानलं नसतं.

"चपराश्याले चहा नाही पाजला, तर दार बंद. बाहेर काहीच येत नाही. घोटभर पाजला का शंभर घोटांचं काम बाहेर. दोन घोट पाजले का दोनशेचं. अॅम्प्लिफायर असा बेताच्या चहावरच चालला पाहिजे. आन् लय पाजला तर दार सताड उघडं. मग टाकीभर चहा ओत, दारातून मावते तेवढंच येते. माइकवर कोणी कोकललं का आवाज फाटते ना, तो तिथं."

सुशीललाही त्यानं असंच शिकवलं, पण जरा तिखट लावून. पोरगा दहावीत असताना त्याच्या हातात पायांचा क्रम उलटा असलेला ट्रांजिस्टर द्यायचा, सांगायचा नाही, आणि चुकला की गिऱ्हाइकांपुढं उभा करून विचारायचा, "कलेक्टर कुठं बसवला रे?" लोक हसायचे. ताराचंदही हसायचा. "असाच शिकते," म्हणायचा. पंचफुला एकदा बोलली होती, "अवो, पोराचं तोंड तर पाहा." त्यानं काही पाहिलं नाही.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दुपारी विहाराचा सेक्रेटरी रोशन अॅम्प्लिफायर घेऊन आला.

"काका, माइक मुका झाला. उद्या सकाळी वंदना आहे."

ताराचंदनं पेटी उघडली आणि दहा मिनिटांत मेलेला ट्रांजिस्टर शोधून काढला. डोकं अजून शाबूत होतं. डोळ्यांचं तसं नव्हतं. एकाचं ऑपरेशन धंतोलीच्या दवाखान्यात झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. बारीक नंबर म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. सुशीलनं नवा ट्रांजिस्टर त्याच्या हातावर ठेवला.

"याचे पाय जुन्यासारखेच ना गा?"

"सेमच," सुशील म्हणाला. मोबाईलमधून डोकं काही वर आलं नाही.

ताराचंदनं तो लावला, बटण दाबलं. रोशन माइकमध्ये "हॅलो" म्हणाला. आवाज आला, पण गोधडीखालून आल्यासारखा. ताराचंदनं आवाज पूर्ण वाढवला. गोधडी काही निघाली नाही. मग त्याच्या ध्यानात आलं. मेलेला ट्रांजिस्टर बोलत नाही, हा बोलत होता. म्हणजे उलटा बसला होता. कलेक्टर पब्लिकच्या बाकड्यावर, पब्लिक साहेबाच्या खुर्चीत. अशानंही दार उघडतं, पण घोटाला शंभरच्या जागी दोन-चार घोटच हाती लागतात.

सुशील उठला. "बाबा, कलेक्टर कुठं बसवला जी?"

रोशनला आगापिछा काही ठाऊक नव्हता, तो हसला. काउंटरवरची सून, कामिनी, तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"तू सेम म्हणला होता," ताराचंद हळूच बोलला.

"मी म्हणलो, आन् तुम्ही पाहलं नाही? तुमच्यापाशीच शिकलो ना मी. असाच शिकते."

ताराचंद त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढा निवांत त्यानं पोराला कधी पाहिला नव्हता.

सुशीलनं त्याच्या हातातून आयर्न काढून घेतलं, ट्रांजिस्टर फिरवून लावला. दोन मिनिटांचं काम. रोशनचं "हॅलो" अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"मानलं सुशीलभाऊ," रोशन म्हणाला, आणि जाता जाता मायेनं म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "काका, आता आराम करा. लय केलं तुम्ही." रोशनचं मन चांगलं होतं, ताराचंदनं काय म्हणून ते मनावर घ्यावं. पण सुशीलला पाहिजे तो साक्षीदार फुकटात मिळाला.

टेबल पुसून झाल्यावर ताराचंदनं विचारलं, "उद्या विहारातून इकडं किती वाजता येऊ?"

"काहून, कशाले?" सुशील म्हणाला.

ताराचंद पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागला. कामिनीनं त्याचा डबा आणून हातात दिला, अजून भरलेलाच.

"घरीच जाऊन जेवा, बाबा," ती म्हणाली. "आईले मघाशीच फोन केला मी, तुम्ही येऊन राहिले म्हणून."