चढापलीकडचे पंचेचाळीस मीटर

पिंपळनेरच्या वरच्या अंगाला नाल्यावरचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हा आमची इंजिनिअर कंपनी सरावासाठी धुळ्याजवळ तळ ठोकून होती. सकाळी 05:30 ला हुकूम आला. बेली ब्रिज टाकायचा, जोडरस्ता करायचा, तिसऱ्या दिवशी 16:00 वाजता वाहतूक सुरू. कॅप्टनसाहेब मला म्हणाले, "हवालदार, आपका इलाका है. संभालो." मी अमळनेर तालुक्यातला. छाती फुगली, खोटं कशाला सांगू? सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आपल्या माणसांसाठी रस्ता करणार होतो.

बेली ब्रिज म्हणजे लोखंडी भागांचा जोडपूल. एका वेळी एकच गाडी जाते. पूल वेळेत बसला, त्याचं काही नाही. जुना रस्ता खचला होता, म्हणून नवा रस्ता मुरमाच्या उंचवट्यावरून न्यावा लागला. अलीकडे चढ, वर माथा, पलीकडे उतार थेट पुलापर्यंत. पुलावर गाडी असली की बाकीच्यांनी उतारावर थांबायचं. म्हणजे थांबलेल्या गाड्या माथ्याच्या पलीकडे, आणि मागून येणारा अलीकडे.

अशा जागी चढ आणि उतार एकदम भिडू द्यायचे नसतात. मध्ये लांब, सपाट गोलाई द्यायची असते. ताशी चाळीसच्या वेगाने येणाऱ्याला पुढचा पंचेचाळीस मीटर रस्ता दिसलाच पाहिजे, कारण बघून, ब्रेक मारून, गाडी उभी राहीपर्यंत तेवढं अंतर जातं. मोजताना ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर धरायचा आणि रस्त्यातली वस्तू पंधरा सेंटिमीटर उंच. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी 15:35 ला माथ्याची तपासणी बाकी होती. खाली पोलिसांनी अडवलेल्या गाड्यांची रांग. रांगेत एक ॲम्ब्युलन्स, आत बाळंतपणाला निघालेली बाई. तिची सासू दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होती, "भाऊ, आखो किती येळ?" मी चढावर उभ्या आमच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलो. नाईक बाळू गुरवने माथ्यापलीकडे, ट्रकपासून पंचेचाळीस मीटरवर जेरीकॅन ठेवला. मला केबिनमधून जेरीकॅन दिसला.

"ओके," मी म्हणालो.

गुरव आजऱ्याकडचा. कामाला वाघ, बोलायला अगदी हळू. तो केबिनच्या दाराशी आला आणि म्हणाला, "उस्ताद, एकदा खाली उतरून बघूया काय?"

"बाळू, घड्याळ बघ. दिसतंय म्हटलं ना?"

"जी उस्ताद."

आमचं सगळं आयुष्य ट्रकमध्ये. त्या केबिनमध्ये डोळा जमिनीपासून दोन मीटरच्या वर असतो, आणि जेरीकॅन काही पंधरा सेंटिमीटरचा नसतो. फौजी माणसाला ट्रकमधून जे दिसतं तेच जग वाटतं. 16:00 ला रस्ता उघडला. ॲम्ब्युलन्स पहिली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हाला भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी 08:20 ला एक म्हातारे आबा फटफटी बाजूला लावून माझ्याकडे आले. कपाळावर घाम होता.

"भाऊ, रस्ता चांगला शे. पण चढ चढताना नुसतं आभाय दखास. पुढे कोनी हुबं शे का नही, समजत नही. आते एक बैलगाडीवर जातो जातो वाचनू."

"आबा, आम्ही काल बघितलंय."

"तुमनी गाडी उच्ची शे, भाऊ. मनी नीची शे."

मी लगेच माथ्यावर गेलो. काठीवर एक मीटर वीसची खूण केली, पलीकडे एक वीट ठेवली आणि खुणेला डोळा लावून टेप धरला. वीट सव्वीस मीटरपर्यंत दिसली. पुढे नाही. पुन्हा मोजलं. सव्वीसच. गुरव टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

08:45 ला रेडिओ लावला. कॅप्टनसाहेब तीस किलोमीटरवर दुसऱ्या पुलावर होते, आमचा डोझरही तिकडेच.

"साब, माथा कापावा लागेल. दृष्टीचं अंतर कमी आहे. गलती मेरी है. ओव्हर."

"रास्ता बंद कर सकते हो? ओव्हर."

"दवाखान्याला दुसरा रस्ता नाही, साब. ओव्हर."

"तो चालू रखो. वेग कमी करवा, माथ्यावर फ्लॅगमॅन. डोझर कल सुबह छह बजे. आऊट."

कोण उभा राहणार, हे विचारायची वेळ आली नाही. गुरवने लाल झेंडा आणि वॉकी-टॉकी उचलली होती. मी पुलाच्या तोंडाशी. अलीकडे दोनशे मीटरवर 'सावकाश' लिहिलेली पाटी लावली. त्या दिवशी नेमका आठवडे बाजार. वाट बघण्यात मी उभी नोकरी काढली, पण त्या दिवसासारखा दिवस नाही. पुलावर गाडी चढली की माझी नजर उतारावरच्या रांगेवर, आणि कान वॉकी-टॉकीला.

"गुरव, काय आहे?"

"एक टेम्पो, उस्ताद. थांबला."

"आता?"

"मोकळं आहे. उस्ताद, पाणी प्या जरा."

जेवायला तो खाली आला नाही, मीही गेलो नाही. दुपारपर्यंत साठ-सत्तर गाड्या त्याने अडवल्या आणि सोडल्या. मला वाटू लागलं, निभावेल. अति घाई संकटात नेई, असं घाटाघाटात लिहिलेलं असतं. आपण वाचतो आणि पुढे जातो.

14:10. पुलावर ट्रॅक्टर मध्येच बंद पडला. मागे उतारावर, माथ्यापासून वीस मीटरवर, बाजारातून परतणाऱ्या बायकांची रिक्षा उभी राहिली. आत सात-आठ जणी, टोपल्या, पिशव्या.

"उस्ताद, पिकअप येतेय. जोरात आहे."

"झेंडा दाखव."

"दाखवतोय." वॉकी-टॉकीत इंजिनाचा आवाज वाढत गेला. "थांबत नाहीये."

"बाजूला हो, बाळू!"

मी पुलाकडून वर धावलो. चढ संपेपर्यंत मलाही नुसतं आभाळच दिसत होतं.

तो बाजूला झाला नव्हता. झेंडा घेऊन पिकअपच्या दिशेने, रस्त्याच्या मधोमध पळत गेला होता. ड्रायव्हरने शेवटी ब्रेक मारला. गाडी ओल्या मुरमावर घसरली, आडवी झाली आणि गुरवला घेऊन कडेला रचलेल्या दगडी भिंतीवर आदळली. रिक्षाला धक्काही लागला नाही. बायका खाली उतरून काय झालं ते बघत होत्या.

ड्रायव्हर तिथेच बसला आणि कपाळ बडवायला लागला. "साहेब, झेंडा दखाना माले. पण बाजारना दिवस शे. अठे बठ्ठा लोक फडकं हालाडीसनच गाडी थांबाडतस. माले वाटनं, कोनी लिफ्ट मांगी राह्यना." बाजाराच्या दिवशी रुमाल हलवून मीच लहानपणी शंभर गाड्या थांबवल्या होत्या. माझाच इलाका, आणि मला ते आठवलं नाही.

14:55 ला नाईक बाळू गुरव गेला. ज्या रस्त्यावरून काल ती गरोदर बाई गेली, त्याच रस्त्याने त्याला नेलं.

चौकशीत मी जबाब लिहून दिला. तपासणी केबिनमधून केली, गुरवने खाली उतरायला सुचवलं होतं, मी नाकारलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "ये लाइन लिखना ज़रूरी है?" मी म्हणालो, "जी साब." शिक्षा झाली, ती मी मुकाट भोगली. हलकं मात्र काही वाटलं नाही.

पुढच्या रजेत मी आजऱ्याला गुरवच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्यांनी म्हटलं होतं, खाली उतरून बघूया म्हणून?"

"हो, वहिनी."

"हळूच म्हटलं असेल."

"हो."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"घरात त्यांचं कुणी ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाई नाही, मी नाही. मला वाटायचं, पलटणीत तरी ऐकत असतील."