शेवटाला कुनी मरतंय का?

पिक्चर कुठलाही असो, नवा असो की जुना, मारामारीचा की रडारडीचा, आमच्या शेजारच्या काकींचा प्रश्न एकच असायचा. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, उजवी मूठ मिटून त्या माझ्या दारात यायच्या आणि हळूच विचारायच्या, "शेवटाला कुनी मरतंय का?"

मुठीत ज्वारीचे चार दाणे असायचे.

मला विचारायचं कारण असं, की मी एका साप्ताहिकात नव्या पिक्चरांवर लिहितो. थिएटरात काय लागलंय, घरबसल्या टीव्हीवर काय आलंय, रविवारी काय बघावं, वगैरे. साप्ताहिक धाराशिवला छापतात आणि ते नळदुर्गात मुख्यतः भेळेबरोबर पोचतं. छायाचित्रणावर, पटकथेवर मी जी अक्कल पाजळतो, ती वाचून कुणी एखादा पिक्चर बघितला किंवा टाळला, असं अजून माझ्या कानावर नाही. तुमच्याही गावात असा एखादा जाणकार असेलच. त्याला सगळे नमस्कार करतात आणि विचारत कुणीच काही नाही. मला विचारणाऱ्या या एकट्या काकी. त्याही आता नळदुर्गात नाहीत. जहिराबादला लेकाकडं असतात.

त्यांचा हा एकुलता लेक तेव्हा सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवायचा. आमची गल्ली हायवेला चिकटून. दुपारी त्याची गाडी पुढून जाताना ओळखीचा हॉर्न व्हायचा. हॉर्न झाला की काकी टीव्ही लावायच्या. पुढं उमरग्याला चहाला थांबला की तो आईला एक मिस कॉल द्यायचा. मधल्या वेळात डोक्यात रस्ता येऊ नये, यासाठी पिक्चर.

आपल्याला पिक्चर म्हणजे पिक्चर. काकींच्या लेखी ती व्रताची कहाणी होती. श्रावणात कहाणी ऐकताना हातात दाणे धरतात, तसे त्या धरायच्या. मधे उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, फोन घ्यायचा नाही. "कहाणी अर्ध्यात सोडली की ज्याच्यापायी ऐकावी त्योबी अर्ध्यातच ऱ्हातुया," म्हणायच्या. आणि कहाणी म्हटली की शेवट गोडच पाहिजे. म्हणून आधी माझ्याकडं चौकशी.

त्यांची मतंही ऐकण्यासारखी असत. एका गाजलेल्या कौटुंबिक पिक्चरबद्दल म्हणाल्या, "घर लई मोठं व्हतं, पर तीन तासात एकानंबी भाकर खाल्ली न्हाय." भुताच्या पिक्चरबद्दल, "भूत गुणाचं व्हतं, घरातलीच वंगाळ." परदेशी हाणामारीचा पिक्चर मराठीत बोलताना बघून, "इमारती पाडायचं कौतिक हाय नुसतं. बांधनाऱ्यानं काय करावं?" यातली दोन मतं मी माझी म्हणून छापली. त्या आठवड्यात भेळवाल्यानंसुद्धा वाचून हसल्याचं सांगितलं.

माझी चूक एकदा झाली होती. "कुणी मरत नाही" असं मी ठामपणे सांगितलं आणि पिक्चरात म्हैस मेली. काकी पुढचे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "म्हस काय कुनात न्हाय व्हय?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर ड्रायव्हरचा पिक्चर आला. पहाडात ट्रक चालवणारा एक माणूस, त्याची बायको, बर्फ, गाणी. मी तो जेवण झाल्यावर लावला आणि मध्यंतरानंतर मला गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती आणि हिरो सगळ्या गावाला घेऊन नाचत होता. नाचतोय म्हणजे जिवंत आहे, इतपत तर्क कुणीही करेल. मी लिहून टाकलं, 'शेवट गोड. सहकुटुंब पाहावा.' काकींनी विचारलं तेव्हा म्हणालो, "निवांत बघा काकी. शेवटाला नाचतो तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न झाला. काकींच्या घरातून ट्रकचं गाणं ऐकू यायला लागलं. आणि दीडेक तासानं माझी बायको मोबाईल हातात घेऊन डोळे पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, काय लिहिलंय तुम्ही? त्याची गाडी दरीत जाते. मरतो तो."

"नाचतो की शेवटाला."

"ते नावं येताना गाणं लावलंय. त्यात सगळेच नाचतात, मेलेले पण. तुम्ही पिक्चर बघितला का उशी?"

मी बनियनवरच पळालो. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बायकोची.

काकी टीव्हीसमोर मूठ मिटून बसल्या होत्या. पडद्यावर घाट लागला होता. ड्रायव्हर बायकोला म्हणत होता, संध्याकाळी येतो. पिक्चरमध्ये असं म्हणून निघालेला माणूस परत येत नाही, हे समीक्षकाला झोपेतसुद्धा कळायला पाहिजे. "काकी, हा नको, दुसरा लावू," मी म्हणालो. त्यांनी मान न वळवता हातानं मला गप्प केलं. अर्ध्यात सोडणं त्यांच्या हातात नव्हतंच.

मग मला जे सुचलं ते मी केलं. बाहेर ओट्यावर आलो आणि मीटरखालचा फ्यूज ओढून काढला. बोटाला चांगला चटका बसला. टीव्ही बंद, पंखा बंद. मी साळसूदपणे आत आलो.

"लाईट गेली वाटतं काकी. सगळीकडंच."

समोरची पिठाची गिरणी घरघर चालूच होती.

काकी जागच्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "उमरग्याचा मिस कॉल आला न्हाय अजून."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी काय करून बसलोय. लेक रस्त्यात आणि कहाणी अर्ध्यात. फ्यूज लावावा तर हिरो दरीत, न लावावा तर काकी अशाच बसून राहणार, पाण्याचा घोट न घेता.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "म्होरचं तू सांग. तू बघितलास न्हवं?"

"बघितलाय की."

"मग घाटातनं काढ त्याला."

आजवर शेकडो पिक्चरांवर मी चार चार ओळींत निकाल दिला होता. गोष्ट सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. मी त्याला पहिल्या वळणावर नेलं, ब्रेक दाबायला लावला.

"हळू घे म्हन. माल किती हाय?"

"भरलेली आहे गाडी."

"मग गिअर पाड म्हन. लेक सांगतुया, उताराला ब्रेकवर जाऊ नये."

मी गिअर पाडला. वळणामागून वळण असं करत घाट उतरवला. मिस कॉल येईना, म्हणून खाली आल्यावर गाडी पंक्चर केली.

"किती येळ पंक्चर काढतुया?"

"दोन टायर होते काकी."

"च्या पेला का?"

"पितोय."

काकींचा फोन फळीवर होता. दोघंही तिकडं बघायचं टाळत होतो. माझ्या बनियनला पाठीवर घाम फुटला. पहाड मला फारसे माहीत नाहीत, त्यामुळं बर्फ संपला आणि रस्ता आपोआप ओळखीचा व्हायला लागला. जळकोट गेलं. मुरूम मोड गेला.

"पहाडातनं जळकोटला कसा आला?" काकींनी विचारलं.

"शॉर्टकट आहे."

"बरं. येनेगूरच्या अलीकडं वळन वंगाळ हाय. तिथं सांभाळ."

मी सांभाळलं. समोरून एक जीप आली, तीही जाऊ दिली. आणि तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. मिस कॉल नव्हता. वाजत राहिला.

"काकी, फोन."

त्या उठल्या नाहीत. "आधी त्याला पोचव," म्हणाल्या.

येणेगूर, दाळिंब, उमरगा, चहा, बायको दारात उभी, गाडी लागली, तो उतरला, मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "पोचला काकी. संपलं." तोवर फोन थांबला होता. मी घाईनं परत लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरला.

"आई, म्या बरा हाय," लेक म्हणाला. मागं माणसांचा गलका होता. "येनेगूरच्या अलीकडंच हाय. रस्ता बंद झालाय."

"कशानं?"

"म्होरली गाडी उलटली. सोलापूरपस्नं संगं व्हता त्यो. च्या संगट पेलो आमी. बाहिर काढला त्याला, पर..." तो थांबला. "हात भरले व्हते. धुवाया पानी मिळना, म्हनून फोन केला न्हाय."

"कुठला व्हता?"

"इचारलंच न्हाय आई."

"पानी पी," काकी म्हणाल्या. "दमानं ये."

फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. काकी म्हणाल्या, "त्याचीबी आय कुटंतरी कायतरी बघत बसली आसंल."

मी फोन फळीवर परत ठेवला.

"जा, फ्यूज लाव."

मी चटका बसलेलं बोट पाठीमागं नेलं.

"माज्या खिडकीम्होरं काढलास की. म्हातारी हाय, आंधळी न्हाय. मरतुया न्हवं त्यो?"

"हो काकी."

"मग बघू दे. त्योबी अर्ध्यात नगं ऱ्हायाला."

मी म्हणालो, राहू द्या, तुमच्याच्यानं बघवणार नाही. त्यांनी दाराकडं बोट केलं. मी फ्यूज लावला. नेटवरचा पिक्चर, जिथं थांबला होता तिथूनच सुरू झाला. पुढचा भाग मी तेव्हा पहिल्यांदाच बघत होतो. घाट, वळण, समोरून आलेला दगड. गाडी गेली. मग ती बायको पळत पळत त्या कड्याशी येते आणि बराच वेळ कॅमेरा तिच्या पाठीवरच राहतो. मी मान खाली घातली. काकींनी डोळासुद्धा लववला नाही. तो माणूस पुरता जाईपर्यंत, त्याला वर आणून चादर घालेपर्यंत त्या बघत होत्या. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि उठून मागच्या दारानं न्हाणीत गेल्या.

आपल्याकडं घरातल्या माणसाच्या मरणाची खबर आली, की अशी अंघोळ करतात. कपड्यांसकट, गार पाण्यानं. न्हाणीतून तांब्यामागून तांब्या पाणी पडल्याचा आवाज येत होता. गिरणी बंद झाली होती. मी त्या दोन चपलांत ओट्यावर येऊन उभा राहिलो. हायवेवरून एकही गाडी जात नव्हती.