उदगीरची येसर आमटी आणि कागदी ताट

“दुष्काळात कुणी खायला फिरतं का?” असं बायको म्हणाली. मी बॅग भरली. तुम्ही वाचक ‘लातूरकडचं काहीतरी टाका’ म्हणून मागे लागला होतात आणि नांदेडच्या तहरी भातावर मी तरी आणखी किती लिहिणार?

सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. स्टँडजवळ निलंगा राईस खाल्ला. तिखट आणि गरम, झकास. पाणी मागितलं तर वेटर म्हणाला, “साधं न्हाई, बाटली घ्या. टँकर आला न्हाई.” राग आला, पण तो काढणार कुणावर? बाटली घेतली.

तिथून दोनेक तासांवर उदगीर. चौकाचौकात ‘जिल्हा उदगीर’चे फलक, जिल्ह्याचा अजून पत्ता नाही. मी आलो होतो महानंदाताईंच्या खानावळीत, येसर आमटीसाठी. भाजलेल्या मसाल्याची, काळसर, भाकरी कुस्करून ओरपायची. ती कागदी ताटात आली आणि निम्मी टेबलावर गेली.

“भांडी घासायला पानी कुठाय?” ताई म्हणाल्या. “समदं कागदावर चाललंय.”

दाराजवळ त्यांचे सासरे, आप्पा, भाकरी तळहातावर घेऊन नुसत्या चटणीशी खात होते. खानावळ त्यांनीच काढलेली. आमटी का नाही घेत, असं मी विचारलं.

“आमच्या पंथात जेवल्यावर ताट धुऊन ते पानी प्यावं लागतंय. परसाद हाय तो,” आप्पा म्हणाले. “कागद कसा धुऊ?”

“मग तुमच्यापुरतं स्टीलचं घ्या की.”

“गिऱ्हाइकाला कागद आन् मालकाला ष्टील? माझ्या खानावळीत दोन पंगती न्हाईत.”

ताई तव्याकडे बघत बोलल्या, “चार महिने झाले, आमटीला हात न्हाई. सदरा बघा कसा लोंबाय लागलाय. आत जेवा म्हनलं तर आतलं घर बी खानावळच म्हनत्यात.”

“जिल्हा होनार हाय म्हनं,” आप्पा मला म्हणाले. “पानी कुठल्या जिल्ह्यात हाय, तेवढं सांगा.”

उरलेली आमटी मी गिळली. चव उत्तम होती, हे लिहायलाच हवं, आणि लिहिताना संताप येतो. खानावळी, फलक, आश्वासनं सगळं रेटून चालू आहे, आणि एका म्हाताऱ्याचं रीतसर जेवण तेवढं त्यात बसत नाही.

नांदेडला परतल्यावर पंधरवड्यानं पत्ता पक्का करायला फोन केला. आप्पांचं विचारलं.

“रेणापूरला लेकीकडं गेले,” ताई म्हणाल्या. “तिथं खानावळ न्हाई, ष्टीलच्या ताटात जेवत्यात. परत येत न्हाई म्हनले.”

मग म्हणाल्या, “आमटी रोज हाय. लोकांला पाठवा.”